सागाचं पान किती पावसाळ्यांत संपतं, हे मोजायची रीत

पाचोळ्याचं खत कसं करायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. खड्डा, पानं, शेण, पाणी आणि सहा महिने. आमच्या शाळेतली पोरं तसं करतात आणि मग विचारतात, "मॅडम, गिरिपुष्पाचा पत्ता नाही, पण सागाची पानं हायत तशीच हायत. असं का?" या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून पटत नाही, मोजून बघावं लागतं. मी किनवटला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सासरची थोडी कोरडवाहू शेती आहे, बांधावर साग, पळस, मोह आहेत. माहेर कळंबकडचं, धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे पावसाच्या हिशेबात दुसरंच जग. इकडं वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, तिकडं सातशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी. दोन्ही शेतांत पानं जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवायचा नाद मला लागला आहे. घरी त्याला 'मॅडमचं खूळ' म्हणतात. खाली सांगते ती रीत कुणालाही जमेल. प्रयोगशाळा लागत नाही. सोनाराशी ओळख असली तर बरी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पान कुजायला लागलं की लगेच खत द्यायला लागतं, असं बहुतेकांना वाटतं. सागासारखं वाळलेलं पान आधी मातीतलाच नत्र घेतं आणि बऱ्याच काळानं परत द्यायला लागतं. हे वळण कधी येतं ते आपल्या शिवारात, आपल्या पानावर शोधायचं, यासाठी हा सगळा खटाटोप.

पानं

फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा करा. आपल्याकडचं रान पानझडीचं: साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू, पळस. होळीपर्यंत झाडाखाली थर साचलेला असतो. झाडाखाली जुनी साडी अंथरा आणि दोन-चार दिवसांत तिच्यावर पडलेलीच पानं घ्या. जमिनीवरून उचलली तर त्यात गेल्या वर्षीची पानं मिसळतात. जुनं पान खालून करडं पडलेलं असतं, त्यावर डाग आणि भोकं असतात.

झाडावरचं हिरवं पान तोडून प्रयोग करू नका. पान गाळण्याआधी झाड त्यातला नत्र आणि स्फुरद खोडात परत ओढून घेतं, ढोबळमानानं निम्म्याच्या आसपास. कॅल्शियम परत जात नाही, कारण ते पेशींच्या भिंतींत बसलेलं असतं. त्यामुळं हिरवं पान आणि गळलेलं पान हे रासायनिकदृष्ट्या दोन वेगळे पदार्थ आहेत. हिरवं लवकर कुजतं आणि आपली समजूत होते की साग कुजायला सोपा आहे.

सागाच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. पावसाळा सरताना झाडावरच पानांची जाळी झालेली दिसते, शिरा तेवढ्या शिल्लक. ते कुजणं नाही, ती सागाच्या पानाचा गर खाणाऱ्या अळीची करामत. अशी पानं बाजूला काढा.

निदान दोन जाती घ्या आणि त्या एकमेकींपासून लांबच्या असू द्या. मी साग, पळस आणि गिरिपुष्प घेते. गिरिपुष्प बांधावर लावलेलं असतंच, ते शेंगवर्गातलं, पान पातळ, नत्र भरपूर. पळसही शेंगवर्गातलाच, पण पान चामड्यासारखं जाड. 'शेंगवर्गातलं म्हणजे पटकन कुजणारं' हा नियम पळसाजवळ येऊन अडखळतो, म्हणून तो घ्यावाच.

पानं बांधावरची, गावातली घ्या. पैनगंगा अभयारण्य आमच्या शेजारी आहे, तिथून पाचोळासुद्धा उचलायचा नसतो. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी घ्यावी लागते.

वाळवणं सोपं आहे. मार्च-एप्रिलचं आपलं ऊन कशाला कमी नाही. पत्र्यावर पानं पसरा, वरून पातळ कापड टाका, नाहीतर वाऱ्यानं शेजाऱ्याच्या अंगणात जातात. लागोपाठ दोन दिवस वजन सारखं आलं की वाळलं असं समजा.

पिशव्या

जाळीच्या पिशवीत पानं भरून रानात ठेवायची आणि ठरावीक काळानं उचलून वजन करायचं, ही पद्धत बोकॉक आणि गिल्बर्ट या दोघांनी १९५७ साली मांडली. जगभर अजून हीच वापरतात. सुटं पान वाऱ्यानं उडतं, गुरं तुडवतात. पिशवीतलं पान जागेवर राहतं.

जुनी नायलॉनची मच्छरदाणी घ्या. सुती नको, तीच आधी कुजते. वीतभर लांब, वीतभर रुंद, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरची चौकोनी पिशवी नायलॉनच्याच दोऱ्यानं शिवा. प्रत्येक पिशवीत १० ग्रॅम वाळलेली पानं. सागाचं पान अख्खं मावत नाही, कापावं लागतं. कापल्या कडेनं पाणी आणि बुरशी लवकर शिरते, म्हणून सगळ्या पिशव्यांत तुकडे सारख्या आकाराचे ठेवा, आणि मधली जाड शीर एका पिशवीत जास्त, दुसरीत कमी असं होऊ देऊ नका. वजनाला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालत नाही. आमच्या बाजारातल्या सोनारकाकांना मी पहिल्यांदा पानं मोजायला सांगितली तेव्हा ते म्हणाले, "ताई, भाव काय लावू?" पण मोजून दिली. आता शाळेनं छोटा डिजिटल काटा घेतला आहे.

मच्छरदाणीच्या भोकातून बुरशी, जिवाणू, बारीक कोळीवर्गीय किडे आत जातात. गांडूळ आणि वाणी, म्हणजे ती पुष्कळ पायांची लांबट कीड, बाहेर राहतात. या मोठ्या मंडळींचं काम किती, हे बघायचं असेल तर थोड्या पिशव्या कांद्याच्या जाळीदार गोणीच्या करा. तिच्यातून कुजलेला चुराही गळतो, त्यामुळं घट थोडी फुगून येते. पिशवी उचलताना खाली ताट धरा.

वाणी म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, कारण अलीकडं ती सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपं कुरतडते. पण तिचं मूळ अन्न म्हणजे हाच कुजका पाचोळा. कांद्याच्या जाळीत तिच्या बारीक गोळ्यांसारख्या विष्ठेचा ढीग सापडतो. त्या गोळ्यांत पानाचा भुगा आणि जिवाणू एकत्र कालवलेले असतात, त्यामुळं पुढचं काम सोपं होतं.

खूण म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा घ्या आणि खिळ्यानं नंबर कोरा. मार्करची शाई एका पावसाळ्यात उडते.

किती पिशव्या? प्रत्येक वेळी प्रत्येक जातीच्या तीन उचलायच्या. पाच वेळा उचलणार असाल आणि दोन जाती असतील तर ३०. एकेकच ठेवली तर एखादी उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली की त्या वेळेची नोंदच बुडाली. झाडाखाली, जमिनीला टेकून, चारी कोपऱ्यांना तारेचे आकडे ठोकून बसवा. पाणी साचणारा खळगा टाळा. माकडांना हे सगळं फार आवडतं, त्यामुळं वर बोराटीच्या काट्या टाका.

उचलायच्या तारखा लक्षात राहाव्यात म्हणून मी सणांवर टाकल्या आहेत: पहिला मोठा पाऊस, नागपंचमी, पोळा, दिवाळी, संक्रांत. पिशव्या मांडायच्या मे महिन्यात. सण मागंपुढं होतात, म्हणून वहीत इंग्रजी तारीख लिहाच.

पावसाळ्यात पिशवी वाळवायची कशी, हा खरा त्रास. पत्र्याच्या जुन्या पेटीत ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा, पानं त्याच्यापासून हातभर लांब पसरा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. पेटी चालू असताना घराबाहेर जायचं नाही. चुलीवरच्या शिंकाळ्यातही वाळतं, पण धूर बसतो.

काळी माती ही दुसरी डोकेदुखी. ती पानाला अशी चिकटते की कुजलेल्या पानाचं वजन वाढलेलं दिसतं. धुवायला जाल तर विरघळणारे पदार्थही धुऊन जातात. आधी वाळवा, मग मऊ ब्रशनं झाडा. तरी उरतेच. नेमकं हवं असेल तर चिमूटभर नमुना जाळून राख मोजावी लागते. स्वच्छ पानाची राख किती आणि उचललेल्या पानाची किती, यातल्या फरकावरून माती काढून टाकता येते. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भट्टी असते, तिथं विनंती करा.

आत काय चाललेलं असतं

मार्च ते मे पान नुसतं पडून असतं असं दिसतं. बुरशीला ओल नाही, ती झोपलेली. पण ऊन काम करत असतं. पानाला कडकपणा देणारं लिग्निन अतिनील किरण शोषून घेतं आणि थोडं थोडं तुटतं. पुढं पावसाळ्यात बुरशीला आत शिरायला जागा मिळते ती यातून. उधईही याच काळात जोरात असते. मातीची नळी वर चढवून, उन्हापासून आडोसा करून पान खाते. आपल्याकडच्या बऱ्याच उधईला लिग्निन स्वतःला पचत नाही. ती वारुळात चघळलेल्या पानांवर बुरशीची बाग लावते आणि बुरशीकडून ते पचवून घेते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात त्या त्याच बागेच्या.

मार्च-एप्रिलात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची सवय आमच्याकडं आहे. जाळल्यावर पालाश, कॅल्शियम राखेत राहतं, नत्र मात्र बहुतेक धुरात जातो. वेचणाऱ्या बायकांना मी काय सांगणार, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण मोहाच्या बुंध्याभोवती झाडून पाचोळा एका बाजूला ओढला तरी फुलं दिसतात. सासूबाई तसंच करतात, काडी न लावता.

मग पहिला पाऊस. इथं सगळ्यात मोठा आणि सगळ्यात झटपट बदल होतो, आणि तो घरी बघता येतो. दोन बरण्या घ्या, प्रत्येकीत ५ ग्रॅम पान आणि अर्धा लिटर पावसाचं किंवा आरओचं पाणी. बोअरचं नको, आपल्याकडच्या बोअरमध्ये क्षारच इतके की पानाचे कळणार नाहीत. रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तपकिरी झालेलं असतं. साखरा, अमिनो आम्लं, टॅनिन (पानाला तुरटपणा देणारं द्रव्य) आणि पालाश पाण्यात उतरलेले असतात. पालाश पानात कशालाच पक्का बांधलेला नसतो, म्हणून सगळ्यांच्या आधी तोच निघून जातो. पाण्याच्या शुद्धीकरणवाल्यांकडं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन मिळतं. ते साध्या पाण्यात आणि पानाच्या पाण्यात बुडवून फरक लिहा. पानाचं वजन या एका धुण्यातच पाच ते वीस टक्के उतरू शकतं, जातीप्रमाणं.

टॅनिन ओळखायला कृषी सेवा केंद्रातून हिराकस आणा. पिवळ्या पडलेल्या उसाला-सोयाबीनला फवारतात तेच फेरस सल्फेट. ते थोड्या पाण्यात विरघळवा आणि पानाच्या पाण्यात त्याचे चार थेंब टाका. टॅनिन असेल तर पाणी निळं-काळं किंवा हिरवट काळं होतं. ताडून बघायला शेजारी बाभळीच्या शेंगांचं पाणी ठेवा, ते शाईइतकं काळं होतं. टॅनिन प्रथिनांना धरून बसतं, त्यामुळं प्रथिनं जिवाणूंच्या हाती लागत नाहीत आणि टॅनिनवालं पान सुरुवातीला रेंगाळतं. पुढं प्रत्येक वेळी उचललेल्या पिशवीतलं तेवढंच पान, तेवढंच पाणी, तेवढेच थेंब वापरून ही परीक्षा करा. रंग उतरत जातो. पानाची रसायनं बदलतात हे पोरांना सगळ्यात लवकर पटतं ते या ओळीनं मांडलेल्या बाटल्यांवरून.

पहिल्या पावसानं आणखी एक गोष्ट होते. वाळलेल्या मातीत ओल शिरली की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात, आणि कोरड्या काळात मेलेल्यांच्या शरीरातला नत्रही सुटतो. केनियात काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञानं १९५८ साली हे नीट मांडलं. मृगात पेरलेल्या पिकाला सुरुवातीला जी हिरवाई येते तिच्यात याचा वाटा असतो. श्वास वाढलेला घरी दाखवायचा तर पानात खायच्या चुन्याची निवळी वापरा. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका. एका घट्ट झाकणाच्या बरणीत ओला पाचोळा आणि वाटीभर निवळी, दुसरीत कोरडा पाचोळा आणि निवळी, तिसरीत नुसती निवळी. ओल्या पाचोळ्याची निवळी आधी दुधाळ होते, कारण सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळतो. पानाचं 'हरवलेलं' वजन बहुतेक याच वाटेनं हवेत गेलेलं असतं. वजन घटलं म्हणजे तेवढं मातीत मुरलं, असा हिशेब मांडू नये.

नागपंचमी ते पोळा हा बुरशीचा काळ. पिशवी उघडली की पानांच्या मधे पांढरे धागे पसरलेले दिसतात. पेशींच्या भिंती ज्यांच्या बनतात त्यांतलं हेमिसेल्युलोज आणि पानातला स्टार्च आधी जातो, मागोमाग भिंतींतलंच सेल्युलोज. पान मऊ पडतं, बोटानं दाबलं तर फाटतं. आणि नेमकं याच वेळी पान नत्र ओढत असतं.

वाळलेल्या पानात वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. नत्र सागासारख्या पानात एक टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे नत्राच्या एका भागाला कार्बनचे पन्नास भाग. बुरशी-जिवाणूंच्या शरीरात मात्र हे प्रमाण एकाला आठ-दहा. पान खाऊन त्यांना वाढायचं तर नत्र कमी पडतो, मग ते मातीतून आणतात. बुरशीचे धागे खालून नत्र वर पानात वाहून आणतात. प्रयोगशाळेत तपासलं तर कुजणाऱ्या पानातल्या नत्राची नुसती टक्केवारीच नव्हे, एकूण ग्रॅमसुद्धा काही काळ वाढलेले दिसतात. गिरिपुष्पाच्या पानात नत्र तिपटीनं जास्त, त्यामुळं ते पहिल्यापासून देतं. पोरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं लिग्निनमध्ये आहे. सेल्युलोज तोडणारे पुष्कळ, लिग्निन तोडणारे थोडे. ते मुख्यतः पांढरी कुज करणाऱ्या बुरशीचं काम, आणि तिला हवा लागते, मँगनीज लागतं. दिवाळीच्या पिशवीत पानावर फिकट, धुतल्यासारखे डाग दिसले तर तिथं ही बुरशी बसली होती असं समजा. बाकीचं सगळं संपत जातं आणि लिग्निन मागं राहतं, म्हणून उरलेल्या पानात त्याचं प्रमाण वाढत जातं आणि कुजण्याचा वेग मंदावतो. गंमत अशी की सुरुवातीला नत्र टाकला तर कुजणं वाढतं, पण या शेवटच्या टप्प्यात जास्त नत्र लिग्निन तुटण्याला अडथळाच करतो. अर्धवट कुजलेल्या ढिगावर युरिया फेकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

संक्रांतीला पिशवीत उरतो तो काळपट चुरा आणि शिरा. कॅल्शियम या चुऱ्यात अजून बऱ्यापैकी असतं. पूर्वी पुस्तकांत लिहायचे की ह्युमस, म्हणजे मातीतला कुजून काळा झालेला भाग, हा पानातून तयार झालेला एक मोठा, न तुटणारा रेणू. आता मृदाशास्त्रज्ञांचा कल असा की त्यातला मोठा वाटा मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा आहे, आणि ते टिकतात कारण चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात. आपल्या काळ्या मातीत चिकणकण आणि चुना दोन्ही भरपूर, म्हणजे धरून ठेवायची ताकद चांगली. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाचोळ्याचा चुरा थेट त्यांत खाली जातो. मुरमाड माळावर ही सोय नाही.

ज्वारीच्या कुंड्या

नत्र मोजायचं यंत्र घरी नाही, पण ज्वारी आहे. पानं घ्यायची थांबून द्यायला कधी लागली, ते ती सांगते. प्रत्येक वेळी उचललेल्या पिशवीशेजारी त्याच पानांचा एक सुटा ढीग जाळीखाली ठेवलेला असू द्या, त्यातून पानं घ्या. एक किलो मातीत २० ग्रॅम चुरलेलं पान मिसळा, ज्वारीचे पाच-सहा दाणे टाका. शेजारी नुसत्या मातीची एक कुंडी, आणि पान अधिक चिमूटभर युरिया अशी एक. महिन्याभरात पानांचे रंग बघा.

ताज्या सागपानाच्या कुंडीत ज्वारी खालच्या पानांपासून पिवळी पडते आणि खुरटते. युरियाच्या कुंडीत हिरवी राहिली तर नत्राचीच ओढ होती हे नक्की. युरिया देऊनही खुरटली तर पानातलं दुसरं काही मुळांना बाधतंय, टॅनिन वगैरे. चुनखडीच्या जमिनीत वरची कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. ती लोहाची कमतरता, तिचा आणि या प्रयोगाचा संबंध नाही. ज्या सणाच्या पानात ज्वारी नुसत्या मातीइतकी किंवा जास्त हिरवी आली, तिथं वळण आलं. किनवटला सागाचं वळण पहिला पावसाळा संपता संपता दिसायला लागतं. कळंबच्या पानांना दुसरा पावसाळा बघावा लागतो. गिरिपुष्पाच्या कुंडीत ज्वारी पहिल्यापासून तरारते.

आकडेमोड

कुजण्याचा वेग काढायला ओल्सन यांनी १९६३ साली मांडलेलं सूत्र वापरतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये एलएन (ln, नैसर्गिक लॉगरिदम) बटण असतं. समजा १० ग्रॅमचं पान १०० दिवसांनी ६ ग्रॅम उरलं. ६ भागिले १० म्हणजे ०.६. त्याचा एलएन उणे ०.५१. उणे चिन्ह सोडा, १०० नं भागा: दिवसाला ०.००५१. आता ०.६९३ ला (हा २ चा एलएन, निम्मं होण्यासाठी) त्यानं भागा, १३६ येतात. म्हणजे निम्मं पान संपायला १३६ दिवस. पण हे ओलीचे दिवस आहेत. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर, १२० दिवसांचा, त्यातही खंड. एका पावसाळ्यात निम्मंही होत नाही आणि उरलेलं पुढच्या मृगाची वाट बघत पडून राहतं. म्हणून पावसाळ्याचा वेग वर्षभराला लावू नका. ओले महिने आणि कोरडे महिने वेगळे मांडा. आकडे वेगवेगळ्या पिशव्यांत वरखाली येतात. तिन्हींची सरासरी घ्या, पण सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडाही लिहून ठेवा.

शेतात याचं काय करायचं

सागाचा, पळसाचा वाळका पाचोळा पेरणीआधी नांगरून गाडू नका. मातीत मिसळला की नत्राची ओढ थेट मुळांपाशी सुरू होते. वर आच्छादन म्हणून अंथरला तर ही ओढ वरच्या पातळ थरापुरती राहते आणि ओल टिकते. फळबागेत, वांगी-मिरचीच्या ओळींत बिनधास्त अंथरा. उधई दिसली म्हणून लगेच औषध ओतू नका, वाळलेल्या पाचोळ्यात ती असणारच. नव्या कलमांच्या बुंध्याला मात्र पाचोळा चिकटवू नका.

खतच करायचं तर ढीग जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर रचा. मार्चमध्ये ढीग रचून त्यावर विकतचं टँकरचं पाणी ओतणारे लोक मी बघितलेत. कळंबकडं तर ते पाणी माणसांना पुरत नाही. पाचोळा मार्चमध्ये गोळा करून नुसता सावलीत पत्र्याखाली ठेवा आणि पावसाला काम करू द्या.

शंभर किलो वाळक्या सागपानांचा हिशेब असा. कार्बन ४५ किलो. त्यातला तिसरा भाग, १५ किलो, सूक्ष्मजीवांच्या अंगी लागला तर एकास आठ प्रमाणानं त्यांना १.९ किलो नत्र हवा. पानात आहे ०.९. कमी पडतो साधारण एक किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे दोन किलोच्या वर थोडा युरिया. शेणातून द्यायचा तर ताजं शेण अडीचशे-तीनशे किलो लागेल, कारण त्यात पाणीच जास्त. गोठ्यातलं गोमूत्र आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला वापरला तर शेण निम्म्यावर येतं. मी तेच करते. हिशेब ढोबळ आहे, त्याच्या आसपास राहिलं तरी भागतं. हे सगळं ढीग रचतानाच मिसळा, नंतर नाही.

पानं चुरून टाका, म्हणजे सागाची एकावर एक पत्रावळीसारखी चळत बसत नाही. आतली पानं कोरडी राहायचं कारण बहुधा ही चळतच असते. पाऊस वरून वाहून जातो आणि मधे पाणी पोहोचत नाही. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब निघतील इतकी ओल असू द्या. धार लागली तर हवा कमी पडते, आंबूस वास येतो. मग उकरून उलथापालथ करा. वास जंगलातल्या मातीसारखा आला, पानाचा आकार हरवला, हिराकसच्या परीक्षेत पाणी फिकट राहिलं आणि कुंडीतली ज्वारी हिरवी आली, की खत झालं. चाळणीनं चाळा. जाड शिरा आणि देठ वर राहतील. ते फेकू नका, त्यांच्यात लिग्निन तोडणारी बुरशी बसलेली असते. पुढच्या जूनच्या ढिगात तेच तळाला टाका.